गाडीच्या मागचा वारा

९ नोव्हेंबर, रविवार

सही दिली नाही.

सहदेव जेवण झाल्यावर कागद घेऊन आला. हात धुतलेले, केस विंचरलेले — आईकडे नव्हे, तहसीलदाराकडे आल्यासारखा. "आये, इथं सही कर." कसली, तर ट्रक विकायचा. गाडी माझ्या नावावर आहे. म्हाताऱ्याने मरण्याआधी तेवढं एक शहाणपण केलं. बाकीचं लिहायला ही वही पुरायची नाही.

का विकायचा? म्हणे डिझेल परवडत नाय. बावीस वर्षं महाड–पनवेल परवडलं, आता नाय. पोलादपूरच्या नाक्यावर वडापावची गाडी टाकतो म्हणाला. म्हटलं, तिथं तेल फुकट मिळतं काय रे?

रेश्मा, म्हणजे सून, मोरीत भांडी घासत होती. एकच ताट तीनदा घासलं.

१० नोव्हेंबर

आज पण नाही दिली.

११ नोव्हेंबर

अनू आली. सहदेवची पोर. नाव अनुष्का, पण एवढं लांब कोण हाक मारतो. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. मला वाटायचं ही इंजिन शिकते. तर नाही, ही वारा शिकते. चार वर्षं वारा.

बापाचं डिझेलचं रडगाणं ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवून उभीच राहिली. "आजी, डिझेल मी वाचवून देते. माझा प्रोजेक्ट तोच आहे."

मग तासभर मला समजावलं. गाडी वेगात असली की इंजिनाची बरीचशी ताकद वारा बाजूला सारण्यात जाते. समोरून आपटतो तो एक. पण खरा घोळ मागे. आपल्या गाडीची बॉडी बंद, चौकोनी. मागचं दार भिंतीसारखं सपाट. कडेने आलेला वारा तिथे एकदम सुटतो, मागे पोकळी होते, आणि ती पोकळी गाडीला मागे खेचते. म्हणजे पुढून इंजिन ओढतं आणि मागून काहीच नसलेलं ओढतं.

"काहीच नसलेलं कसं ओढेल गो? तुझा आजा काही करायचा नाय, तरी घर मागं ओढायचा, तसं?"

"अगदी तसं."

समजलं मग.

सहदेव म्हणाला, पंख लावून गाडी उडणार हाय काय? मी दोघांना समोर बसवलं आणि सांगून टाकलं. डिसेंबर संपेपर्यंत गाडी अनूची. तिच्या खटपटीने लिटरमागे अर्धा किलोमीटर जरी जास्त गेली तरी गाडी राहील, आणि परत विकायचं नाव काढायचं नाही. नाही गेली तर मी सही करते. माझा शब्द.

अनू म्हणाली, चालेल. सहदेव जमिनीकडे बघून "बरं" म्हणाला. लहानपणी एरंडेल प्यायच्या आधी म्हणायचा तसं.

१४ नोव्हेंबर

आधी काही न लावता मोजायचं ठरलं. महाडच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, औषधांच्या पिंपांचा माल घेऊन पनवेल, रिकामी परत, त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत. जेवढं मावलं तेवढं प्यायली. अनूने काचेखाली एक डबीही चिकटवली आहे. गाडी कुठे किती वेगात गेली ते तिच्यात राहतं. नंतर सगळं एकत्र बघणार म्हणे.

आलं किती? लिटरला चार पूर्णांक सहा. पंपावर मुनाफ उभा होता. महाडचा, वीस वर्षं याच रस्त्याला गाडी चालवतो. तो हसायलाच लागला. "सहदेवभाय, माझी चारवर जात नाय. तू गाडी चालवतोस का पालखी नेतोस?"

सहदेव हसला नाही. मीही नाही. अख्ख्या महाडात कुणाची देत नाही एवढं गाडी देते, तर मग हा डिझेलच्या नावाने कशाला गळा काढतो?

१६ नोव्हेंबर, रविवार

राहीबाईच्या खळ्यावर भात उफणायला गेले. राहीबाई शेजारची, माहेर तळीयेकडचं. वारा मस्त पडला होता. अनू मागोमाग आली, हातात मोबाईल.

राहीबाईची सून नवीन आहे, मुंबईची. सूप घेऊन वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. झालं. सगळा कोंडा उलटा फिरून तिच्याच छातीवर, तोंडात, गाऊनमध्ये. मी ओरडले, "वाऱ्याला पाठ नाय द्यायची गो! आडवी हो, आडवी!" आडवी झाली तशी भात खाली आणि कोंडा सरळ लांब.

अनू वेड्यासारखी नाचायला लागली. आजी, हेच! तिच्या अंगावरून वारा गेला, पुढे पोकळी झाली, कोंडा त्या पोकळीत ओढला गेला. आपल्या गाडीमागे तेच होतं.

म्हटलं, म्हणूनच मागचं दार धुळीने बरबटतं आणि पुढची काच त्या मानाने साफ. गाडी पुढे पळते तर धूळ मागे राहायला पाहिजे ना. ती दाराला येऊन चिकटते. बावीस वर्षं ते दार मी धुते, मला कोणी प्रोजेक्ट दिला नाही.

अनूने ते वहीत लिहून घेतलं. वर "आजी" असं लिहिलं. लिही बाई.

१८ नोव्हेंबर

म्हाताऱ्याचा लाल स्वेटर उसवला. अनूला लोकरीचे तुकडे हवे होते. वीतभर लांबीचे, शंभरेक. ते गाडीला चिकटवायचे. धागा सरळ उडला की वारा अंगालगत सरळ जातोय. धागा गोल फिरला की तिथे वाऱ्याने संगत सोडली.

रेश्मा म्हणाली, "आई, मामांचा स्वेटर…" म्हटलं, त्यांना आता थंडी वाजत नाही.

२१ नोव्हेंबर

आज मरत होते.

सहदेव गाडी चालवणार, अनू स्कूटरवर मागून, आणि मी अनूच्या मागे बसून मोबाईलवर धागे टिपणार. हे काम घरात दुसऱ्या कोणाला नव्हतं काय? रेश्माला चक्कर येते. म्हणजे सत्तरीतली मी. डोक्यावर हेल्मेट. उकडलेल्या अंड्यासारखी दिसत असणार. नाक्यावरच्या सगळ्या लोकांनी चहा खाली ठेवून बघून घेतलं.

पोलादपूर सोडून महाडच्या रुंद रस्त्याला लागलो. अनूने बापाला आधीच सांगितलं होतं, हळू घ्या. मागून बघितलं तर गंमतच. टपावरचे धागे सरळ. मागच्या दारावरचे मात्र कुठेही तोंड करून, एक वर, एक खाली. दाराला काळा गोंडा बांधला आहे, नजर लागू नये म्हणून. तो मागे उडायला हवा. तो दारालाच ढुशा मारत होता.

मग अनूला बाजू टिपायची होती. गाडीच्या डावीकडे स्कूटर घातली, हॉर्न वाजवला. बाजूचे धागे अर्धे टिपून होतायत तोवर सहदेव सरळ आमच्या अंगावर. वळण नाही, खड्डा नाही. गाडी आपली डावीकडे, डावीकडे. अनूने स्कूटर मातीत उतरवली म्हणून ही रोजनिशी लिहिते आहे.

पुढे जाऊन थांबला. घामाने निथळत होता. "आरशात दिसलं नाय." मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. रस्त्यावरच्या दोन-तीन गाड्या ऐकायला थांबल्या होत्या, त्यांना विचारावं. हॉर्न ऐकला होतास ना? तर म्हणे वाटलं दुसऱ्या बाजूला आहात.

लक्षच नाही. मन वडापावात.

२४ नोव्हेंबर

धागे काढायचे राहिले आणि सहदेव एक फेरी खेडला करून आला. कशेडीच्या चहाच्या टपरीवर ड्रायव्हर लोकांनी गाडीला घेराव घातला म्हणे. हा दोरा कुठला? कोणी बांधला? सहदेव म्हणाला, माझ्या आईने. झालं.

आज सकाळी मुनाफ दारात. चप्पल काढून, टोपी नीट करून. "मावशी, तो लाल दोरा कुठल्या देवाचा? आमाला चालेल ना?"

"देवाचा नाय रे, वाऱ्याचा हाय. वारा कुठून जातो ते कळायला."

मुनाफने डोळे बारीक केले. "बरं, बरं. नसेल सांगायचं तर नका सांगू. पण एक द्या."

दोन तास समजावलं. पोकळी सांगितली, कोंडा सांगितला, गोंडा सांगितला. सगळ्याला मान हलवली. शेवटी म्हणाला, "म्हंजे मागनं खेचणारं काय तरी अस्तं, त्याच्यावर हा दोरा." आता याला चूक तरी कसं म्हणायचं? देऊन टाकला.

२६ नोव्हेंबर

स्वेटरची एक बाही संपली. आज चार जण येऊन गेले. एकाने नारळ ठेवला. चटणीला आला कामाला.

२८ नोव्हेंबर

महाडला पत्र्याचं काम करणाऱ्याकडून पंख आणले. टपावर एक फुगीर कवच, वारा वरून सरकून जायला. चाकांच्या मधली उघडी जागा झाकायला दोन्ही बाजूंनी पत्रे. आणि मागच्या दाराच्या कडांना हातभर लांबीच्या पट्ट्या.

पट्ट्या अनूने आधी सरळ लावल्या. मी बघत उभी होते. म्हटलं, सुपाचं तोंड आत येतं तशा जरा आत घे की. वारा सुटताना तोंड लहान झालं तर पोकळी पण लहान होईल. अनू माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, आजी, पुस्तकात तेच आहे, थोड्या आत कलवायच्या, जास्त कलवल्या की वारा परत सुटतो.

पुस्तकात होतं तर सरळ का लावत होतीस?

सहदेव लांब उभा राहून बघत होता. म्हटलं, बघ, नवी नवरी दिसते. "हो" म्हणाला. डोकं वाकडं करून बघत होता, कोंबडी बघते तसा.

४ डिसेंबर

काही नाही. शून्य.

टाकी गळ्यापर्यंत, तोच माल, तोच रस्ता, तोच पंप. चार पूर्णांक सहा. पंख नव्हते तेव्हा जेवढं, तेवढंच. अनूने तीनदा गणित केलं. मग ओट्यावर जाऊन बसली. जेवली नाही. या प्रोजेक्टवर तिला पुण्याला गाड्या तपासायच्या जागी घेणार आहेत, मार्क बरे पडले तर. वीस तारखेला दाखवायचं आहे. आणि इथे गाडी हातची जाते ती वेगळीच.

सहदेवने कागद पुन्हा काढून टीव्हीवर ठेवला. नीट, दिसेल असा.

५ डिसेंबर

अनूच्या मॅडमचा फोन आला, वेग बघितलास का? डबीतलं काढलं. मोबाईलवर रेघ आली. मी चष्मा लावून बघितलं. अडतीस, चाळीस, एकोणचाळीस. घाटात ठीक. पण पुढे वडखळ, पेण, सगळा मोकळा रस्ता, तिथेही चाळीस. याच माणसाला रस्त्यावर विमान म्हणायचे!

अनू म्हणाली, "चाळीसला हवा फार आडवी येतच नाही, आजी. वेग दुप्पट झाला तर हवेचा जोर चौपट. वेगच नाही तर पंख काय करणार?"

म्हणजे वारा पडलेला असताना सूप घेऊन उभं राहायचं. कोंडा जायचा कुठे?

सहदेवला विचारलं. "पंख तुटतील म्हणून हळू घेतली." अनूला पटलं. बापावर जीव आहे तिचा, तिला सगळं पटतं.

६ डिसेंबर

मला नाही पटलं. पहिल्या फेरीला कुठे पंख होते? अनूला म्हटलं, पहिल्या फेरीची रेघ काढ. तीही चाळीस. चौथी शिकले मी, पण आधी काय आणि नंतर काय एवढं कळतं.

सहदेवला पुन्हा विचारलं. उठला आणि टायर बघायला गेला. टायर अंगणात, तो परसदारी.

कळलं सगळं. लबाड. पहिल्यापासून हळू चालवली, म्हणजे पोरीचं काही दिसूच नये, म्हातारीने शब्द पाळावा आणि वडापाव तळायला मोकळा. पोटच्या पोरीच्या शिक्षणावर पाणी. आणि मी समजत होते मी एकटीच या घरात बेरकी.

मुनाफला फोन लावला.

१२ डिसेंबर

मुनाफने दोन फेऱ्या केल्या. एक पंख काढून, एक लावून. अनू दोन्ही वेळा शेजारी बसून काट्याकडे बघत. मोकळ्या रस्त्याला पासष्ट, इकडे नाही तिकडे नाही.

पंख नसताना चार. पंख लावून साडेचार, वर थोडं.

अर्धा किलोमीटर! अनू पंपावरच रडली. मुनाफ म्हणाला, "बोललो नव्हतो? दोरा पावला." माणूस फुकट दोन दिवस राबला, त्याला निदान दोरा तरी असू दे.

१३ डिसेंबर, शनिवार

आज मी जिंकले, सगळ्यांदेखत. अनूने ओट्यावर बसून राहीबाईपर्यंत सगळ्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं. "बाबा, आता नाही ना विकायची?"

सहदेव म्हणाला, "नाय."

मी म्हटलं, तेवढ्याने नाही भागणार. सोमवारपासून मोकळ्या रस्त्याला पासष्टने न्यायची. डबी काढायची नाही, रोज संध्याकाळी मी बघणार. लई पालखी नेलीस. सगळे हसले. रेश्मा आत निघून गेली.

सहदेवने मान हलवली. टीव्हीवरचा कागद घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला. भांडेल असं वाटलं होतं मला. भांडला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

अनू कॉलेजला गेली. जाताना बापाच्या पाया पडली, मग माझ्या. म्हणाली, आजी, तू नसतीस तर गाडी गेली असती.

हो तर.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी सहा वाजता गाडी सुरू करून सहदेव आत बसला होता. मी डाव्या दाराने वर चढले. पनवेलपर्यंत शेजारी बसून वेग बघायचा विचार होता. इंजिनाचा आवाज, त्याला कळलं नाही. चहाचा पेला त्याच्या डाव्या गालाजवळ धरला. घेईना. हलवला. समोर बघत बसलेला. "अरे" म्हटलं तेव्हा दचकला, सगळा चहा मांडीवर.

विचारलं, कधीपासून?

"आषाढात डाव्या डोळ्यावर पडदा आला. डाक्टर म्हणाला, आता यायची नाय त्या डोळ्याची नजर."

रेश्माला ठाऊक होतं. अनूला कळलं असतं तर शेवटचं वर्ष सोडून घरी आली असती, म्हणून तिला नाही सांगितलं म्हणे. आणि मला का नाही सांगितलंस रे? म्हणाला, "तू नाक्यापर्यंत ओरडली असतीस."

ओरडले असते.

गाडी बंद करायला लावली. कागद मागितला. त्याच्या खिशातच होता. सही केली.

अनूला फोन करून सांगितलं, म्हातारी शब्दावरून फिरली.